छेदात कोण?

लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली पाहिली. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले की दखल घ्यायची. आता असे समजू, की एखाद्या समुपदेशन केंद्राने अहवालात छापले : ‘आमच्याकडे येणाऱ्या ७० टक्के लोकांना बरे वाटले.’ वाचणाऱ्याची नजर सत्तरावर खिळते. पण शाळेत शिकलेला अपूर्णांक आठवा. अंश कितीही सजवला तरी किंमत ठरते ती छेदावर. सत्तर टक्के, पण कोणापैकी? मानसिक आरोग्याच्या संस्थेला स्वतःचे मोजमाप करायचे असेल तर हा पहिला प्रश्न आहे, आणि तोच बहुधा विचारला जात नाही.

इंग्लंडने या प्रश्नाशी जाहीरपणे झटापट केली आहे. अर्थतज्ज्ञ रिचर्ड लेयर्ड आणि मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांच्या आग्रहातून तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने २००८ पासून संवादातून उपचार देशभर उपलब्ध करायला घेतले. त्याआधी डॉनकास्टर आणि न्यूहॅम इथे प्रायोगिक केंद्रे चालवली होती. तिथे नियम असा, की प्रश्नावली प्रत्येक भेटीला भरून घ्यायची. एरवीची रीत म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या भेटीला भरून घेणे. त्यात मेख अशी, की मध्येच येणे सोडणाऱ्याची शेवटची भेट होतच नाही. त्याचा कागद कोरा राहतो आणि तो हिशेबातून गळतो. दर भेटीच्या नोंदींमुळे अशा माणसांचेही शेवटचे गुण हाती आले आणि दिसले ते असे, की जुन्या रीतीत ज्यांची अखेरची नोंद राहून गेली असती, त्यांच्यात सुधारणा कमी होती. म्हणजे जुनी रीत कोणी लबाडी न करताही संस्थेला आहे त्यापेक्षा बरी दाखवते.

तरीही इंग्लंडचा छेद निर्दोष झाला असे नाही. निदान दोन भेटी घेतल्या तरच उपचार ‘पूर्ण’ झाले असे तिथे धरतात. एका भेटीनंतर न फिरकणारा बरे होण्याच्या टक्केवारीत येतच नाही. शिवाय नुसती रेषा ओलांडणे म्हणजे बरे होणे मानले, तर नैराश्याच्या गुणांत १० वरून ९ वर आलेला बरा ठरतो आणि २७ वरून १२ वर आलेला ठरत नाही, हा तर विनोदच. म्हणून गुणांतील फरक प्रश्नावलीच्या नेहमीच्या चढउतारापेक्षा मोठा आहे का, हेही पाहावे लागते. पीएचक्यू-९ वर हा फरक निदान ६ गुणांचा धरतात. २०२४-२५ साठी तिथली उद्दिष्टेच बदलली : अशी भरवशाची सुधारणा ६७ टक्क्यांत, आणि तिच्यासह रेषेखाली येणे ४८ टक्क्यांत.

समजा, छेद चोख आहे. तरी एक तुलना उरते. माणूस मदत मागतो तो बहुधा सगळ्यात वाईट दिवसांत, आणि वाईट दिवस काही वेळा आपोआपही ओसरतात. गोव्यातल्या ‘संगत’ या संस्थेने हे नीट तपासले. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी केली. एका गटाला डॉक्टरांचे नेहमीचे उपचार थोड्या जोडीसह मिळाले. दुसऱ्याला ते सारे मिळालेच, शिवाय प्रशिक्षित केलेल्या सामान्य समुपदेशकांच्या भेटी. तीन महिन्यांनी ४६६ जणांना गाठून विचारले. समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचे गुण दहाच्या खाली आले होते, न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के लोकांचे. ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष समुपदेशनाच्या बाजूचाच आहे. पण समुपदेशनाचे श्रेय ६४ नव्हे, सुमारे २५. मला या अभ्यासात सर्वांत मोलाचा वाटतो तो ४६६ हा आकडा, कारण त्यामागे नेटाने केलेला पाठपुरावा आहे.

यावर आक्षेप येतो, की दुःख काय तराजूत घालायचे? रास्त आहे. नऊ प्रश्नांत माणूस मावत नाही. पण न मोजल्याने तो अधिक मावतो असेही नाही. मोजायचेच नाही म्हटले, की उरते समुपदेशकाची स्मरणशक्ती, आणि तिच्यात राहतात ते आभार मानून गेलेले लोक. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : टक्केवारीवर अनुदान ठरू लागले, की लवकर सुधारतील अशीच माणसे आत घेण्याचा मोह होतो. यावर उपाय म्हणून किती जण आले, किती नाकारले, किती मध्येच सुटले, हे आकडे निकालाशेजारीच छापायला हवेत. मोह जाणार नाही, पण लपणारही नाही.

उरला पैशाचा मुद्दा. तालुक्याच्या गावातल्या दोन खोल्यांच्या केंद्राला शास्त्रीय चाचणी परवडणार नाही, आणि तशी गरजही नाही. कामाचा दर्जा साध्या रीतीनेही तपासता येतो. गोव्यातच समुपदेशकांनी संमतीने ध्वनिमुद्रित केलेली सत्रे एकमेकांची ऐकून त्यांना गुण देण्याची पद्धत तपासली गेली. दरवेळी वरून तज्ज्ञ यायला हवा, असे नाही. तसेच येणाऱ्याकडून पहिल्याच दिवशी परवानगी घेऊन ठेवली, तर दोन भेटी चुकवणाऱ्याला फोन करता येतो. ‘का आला नाहीत?’ याची उत्तरे मग साधी निघू शकतात : एसटीची वेळ जुळत नाही, रोज बुडतो, समुपदेशक बाई सारख्या बदलतात. यांतल्या पहिल्या अडचणीवर तर केंद्राची वेळ तासभर पुढे-मागे करणे पुरते.