रात्री एक ते चार

इंपीरियल स्टुडिओत कामाला रंग चढायचा तोच मुळी मध्यरात्र उलटल्यावर. मुंबईतल्या या स्टुडिओलगत रेल्वेचे रूळ होते. मूकपटाच्या काळात त्याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. इंजिनानं कितीही शिट्ट्या फुंकल्या तरी फिल्मवर त्या उमटत नव्हत्या. आता उमटणार होत्या. म्हणून गाड्या थांबल्या की रात्री एक ते चारची शांतता गाठायची, हार्मोनियम-तबलेवाल्यांना चौकटीबाहेर दडवायचं, मायक्रोफोन नटांच्या आसपास लपवायचा आणि मगच इशारा करायचा. हिंदुस्थानचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ असा तयार होत होता.

इंपीरियलच्या अर्देशिर इराणींनी एक्सेलसिअर थिएटरात अमेरिकेचा ‘शो बोट’ पाहिला आणि बोलपटाचं वेड घेतलं. ‘टॅनार’ नावाचं ध्वनियंत्र अमेरिकेतून आलं, ते चालवायला विल्फर्ड डेमिंग हा इंजिनिअरही आला. त्याचा मेहनताना होता दिवसाला शंभर रुपये. हा आकडा पेलण्यासारखा नव्हता. मग इराणी आणि त्यांचे सहकारी रुस्तम भरुचा यांनी त्याच्याकडून जुजबी शिक्षण घेतलं आणि ध्वनिमुद्रणाची सूत्रं स्वतःच्या हातात घेतली.

त्या यंत्रात असं काय होतं? एडिसनपासून अनेकांनी चित्राला फोनोग्राफची जोड देऊन पाहिली होती. 6 ऑक्टोबर 1927ला झळकलेल्या ‘द जाझ सिंगर’चा आवाजही असाच वेगळा, तबकडीवर होता. पण सुई उडाली किंवा फिल्म तुटून दोन इंच कापावी लागली, की ओठ एकीकडे आणि शब्द भलतीकडे. दुसरा रस्ता होता आवाज फिल्मवरच छापण्याचा. त्यात मायक्रोफोन आवाजाची वीज करतो, त्या विजेनं उजेड कमीजास्त होतो आणि चित्राच्या कडेला एक बारीक पट्टी उमटते. थिएटरात त्याच पट्टीतून दिव्याचा झोत जातो, पलीकडचा फोटोसेल उजेडाची पुन्हा वीज करतो आणि कर्णा बोलू लागतो. फिल्मवर मात्र आवाज त्याच्या चित्रासमोर नसतो, तो सुमारे वीस चौकटी पुढे असतो. कारण खिडकीशी फिल्म धक्क्याधक्क्यानं सरकते आणि आवाजाला तर संथ, एकसारखी गती लागते.

टॅनारची मेख इथंच होती. चित्र आणि आवाज एकाच निगेटिव्हवर उतरत. चित्र पाहून कात्री चालवली की शब्द मध्येच तुटायचा. रसायनात निगेटिव्ह धुताना चित्राला मानवेल ते आवाजाला मानवेलच असं नाही. नट चुकला तर सगळा प्रवेश पुन्हा पहिल्यापासून. अशा रात्री काढून झालेला बोलपट 14 मार्च 1931ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. गर्दी आवरेना, तिकिटांचा काळाबाजार झाला.

मराठी बोलपट आला पुढच्याच वर्षी, प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’. तिथं ध्वनिमुद्रणाला बसले विष्णुपंत दामले. हा माणूस मुळात रंग-कुंचल्यातला. 1918च्या सुमारास बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात देशी कॅमेरा तयार केला, तेव्हा दामले त्यांच्या मदतीला होते. दातेरी चाकं, कप्प्या, दट्ट्या हे सगळं हुशार हाताला लेथवर साधत होतं. पण व्हॉल्व्हच्या काचेतली पोकळी आणि फोटोसेल लेथवर घडत नाहीत. शिवाय वेस्टर्न इलेक्ट्रिकसारख्या बड्या कंपन्या पेटंटं हातात धरून यंत्रं विकण्यापेक्षा भाड्यानं देत. मूकपटाचं यंत्र मिस्त्रीच्या आवाक्यातलं होतं, बोलपटाचं कारखान्याच्या. दामल्यांना ते घडवायचं नव्हतंच. ते हातात मुरवायचं होतं, आणि त्यांनी ते मुरवलं.

हा फरक सर्वांत जास्त झोंबला असेल तो दादासाहेब फाळक्यांना. त्र्यंबकेश्वरात 30 एप्रिल 1870ला त्यांचा जन्म झाला. 1912ला लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणून त्यांनी फिल्मला भोकं पाडण्यापासून धुण्या-छापण्यापर्यंत सगळं घरच्या घरी केलं आणि ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. प्रभातनं बोलायला लावला तोही हरिश्चंद्रच! दरम्यान फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ रखडत होता. तो पुरा झाला तेव्हा प्रेक्षकांच्या कानांना संवादांची चटक लागलेली होती. मुका चित्रपट चालेना. शेवटी इराणींच्या मदतीनं त्यावर मागाहून आवाज चढवला गेला.

मुळात मुका घेतलेला चित्रपट बोलता करणं हे सोपं काम नव्हतं. ओठांची हालचाल आधीच ठरलेली, वाक्यं तिच्या मापात बसवायची. तरीही ते झालं, कारण तोवर मुंबईत ध्वनियंत्रावर हात बसलेली माणसं तयार झाली होती. हिंदुस्थानानं बोलपटाचं यंत्र शोधलं नाही. ते विकत घेतलं, आणि ते चालवायची विद्या पाहून पाहून मिळवली. 1937ला कोल्हापूर सिनेटोनसाठी फाळक्यांनी ‘गंगावतरण’ केला, त्यांचा एकमेव बोलपट आणि अखेरचा चित्रपटही. घरच्या घरी सगळं करणाऱ्या माणसाला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी यंत्राच्या नव्या जाणकारांबरोबर काम करावं लागलं. त्यांनी ते केलं.