उलटं वाचा, तरी तेच!

दोस्तांनो, ‘रामाला भाला मारा’ उलटं वाचून बघा. तेच येतं ना? आता हे वाचा : जी जी टी टी जी जी टी जी टी जी जी टी टी जी जी. झालं? आता शेवटाकडून सुरुवात करा. पुन्हा तेच!

ही पंधरा अक्षरं कुणी गंमत म्हणून जुळवलेली नाहीत. हा डीएनएचा इवलासा तुकडा आहे, आणि त्याला एक काम फार छान जमतं. तो थ्रॉम्बिनला घट्ट धरून ठेवतो.

हे थ्रॉम्बिन कोण? गुडघा खरचटला की रक्त येतं, मग थांबतं, मग खपली धरते. रक्तात विरघळलेल्या एका प्रथिनाचे धागे होतात, धाग्यांचं जाळं विणलं जातं आणि रक्त साकळतं. ते धागे तयार करायला लावतं थ्रॉम्बिन. जखमेवर हे हवंच. पण रक्तवाहिनीच्या आत गुठळी झाली, तर जीवावर बेततं. मग थ्रॉम्बिनला आवरायचं कुणी?

१९९२ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात शास्त्रज्ञांना उत्तर मिळालं. ते ज्या रीतीनं मिळालं, ते मला सगळ्यात आवडतं. त्यांनी अक्षरं ठरवलीच नाहीत! डीएनएची अक्षरं चार : ए, टी, जी आणि सी. यंत्रानं माळा ओवल्या, त्यातल्या ६० जागांवर चारांपैकी जे येईल ते येऊ दिलं. एका जागेला ४ पर्याय, दोन जागांना १६, तीन जागांना ६४. आठ जागांपर्यंत गुणत जा, ६५,५३६ होतील. साठपर्यंत गेलात तर वहीची ओळ पुरणार नाही.

मग बारीक मण्यांवर थ्रॉम्बिन चिकटवलं, ते मणी नळीत भरले आणि वरून माळांचं पाणी ओतलं. ज्यांचं थ्रॉम्बिनशी जमलं नाही, त्या खालून वाहून गेल्या. ज्या अडकल्या, त्या सोडवून त्यांच्या भरपूर प्रती काढल्या आणि पुन्हा ओतल्या. पुन्हा पुन्हा. आजी सुपात धान्य पाखडते ना, तसंच. फक्त इथे उरलेले मोजके दाणे दर वेळी पुन्हा सूपभर करून घेता येतात.

शेवटी ३२ माळा अक्षर न् अक्षर वाचल्या. आणि काय! बहुतेक माळांत १४ ते १७ अक्षरांचा जवळजवळ एकसारखाच तुकडा. त्यातूनच आपली पंधरा अक्षरं मिळाली.

अशा निवडून काढलेल्या तुकड्याला ‘ॲप्टामर’ म्हणतात. हे नाव १९९० साली अँड्र्यू एलिंग्टन आणि जॅक शोस्टाक यांनी दिलं. लॅटिन भाषेत ‘ॲप्टस’ म्हणजे चपखल बसणारा.

आपला तुकडा चपखल बसतो तो घडीमुळे. ‘जी जी’च्या चार जोड्या चार कोपऱ्यांत उभ्या राहतात आणि एकावर एक असे दोन चौकोन होतात. ‘टी टी’ची दोन वळणं बाहेर येतात आणि थ्रॉम्बिनला पकडतात. पकडलेल्या थ्रॉम्बिनला धागे करता येत नाहीत.

घरी पंधरा मणी घ्या, ‘जी’साठी ९ लाल, ‘टी’साठी ६ पिवळे, आणि वरच्या क्रमानं ओवा. कुठल्याही टोकाकडून मोजा, आठवा मणी लालच येईल.