खाऊचा पुडा आणि आईबापांचे कर्तव्य

‘जालना सोने का पालना’ ही म्हण आमच्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. बाजारपेठेच्या भरभराटीचे ते वर्णन यथार्थच होय. परंतु त्या पाळण्यातले मूल कसे वाढत आहे, हा प्रश्न मस्तगडच्या परिसरातील सधन गृहस्थांनी आता स्वतःस विचारला पाहिजे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पाच वर्षांखालील शेकडा ३५.५ मुलांची वाढ खुंटलेली आढळली. त्याच वेळी अतिवजनाच्या मुलांचे प्रमाण चार-पाच वर्षांत शेकडा २.१ वरून ३.४ वर गेले. एकास सकस अन्न मिळत नाही, दुसऱ्यास नको ते अन्न मिळते. पोषणाची हेळसांड दोन्हीकडे आहे.

सरकार अगदीच स्वस्थ बसले आहे असे नाही. राज्य शासनाने २०१७ साली शाळांच्या उपाहारगृहांत अति साखर, मीठ व चरबीच्या पदार्थांस मनाई केली. २०२० च्या केंद्रीय नियमांनी ती शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत लागू केली. परंतु कायदा घराच्या उंबरठ्याशी थांबतो. तेथून पुढे अंमल आईबापांचा.

मोंढ्यात ज्वारीचा नमुना तळहातावर घेऊन दाणा न्‌ दाणा पारखणारा व्यापारी, संध्याकाळी मुलासाठी नेलेल्या पुड्यावरील मजकूर मात्र वाचीत नाही! पुड्यावर घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असतात. साखर वा मैदा आरंभीच दिसला, तर आपण काय विकत घेतले हे समजावयास पदवी लागत नाही.

‘मूल हट्ट करते, भाकरीस तोंड लावीत नाही,’ अशी तक्रार आम्ही नित्य ऐकतो. पण बाप गादीवर बसून फरसाण खात असता मुलाने भाकरी-वरण का खावे? मूल उपदेश ऐकत नाही, ते अनुकरण करते. ज्वारी-बाजरीची भाकरी, तुरीचे वरण, पालेभाजी, शेंगदाणे-गुळाचा लाडू यांत कमीपणा कसला? आमच्या जिल्ह्याच्या मोसंबीस भौगोलिक मानांकन लाभले आहे. तीच घरच्या मुलास बाटलीतल्या गोड पाण्यापुढे फिकी वाटावी, हे लाजिरवाणे होय.

व्यायामाची गोष्ट तीच. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटे घाम येईल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बलोपासनेचा पुरस्कार करणारे समर्थ रामदास १६०८ साली याच जिल्ह्यातील जांब गावी जन्मले, याचा अभिमान आम्ही बाळगतो. मग मुलाच्या हाती मोबाइल देऊन त्यास गप्प का बसवितो? आणि खो-खो, लंगडी, सूर्यनमस्कार हे जितके मुलांसाठी तितकेच मुलींसाठी आहेत. वयात आली म्हणून मुलीचे खेळणे बंद करणे हा निव्वळ अन्याय होय.

आमची सूचना अल्प आहे. दुकानातून परतताना पुड्याऐवजी फळ न्यावे, एक वेळचे जेवण सर्वांनी एकत्र करावे, आणि रोज अर्धा तास तरी मुलांबरोबर स्वतः चालावे वा खेळावे. वहीखात्यात पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्यांनी एवढा हिशेब घरातही ठेवावा.