परंपरा आणि पोपची आज्ञा : फ्रान्समधील एक कॅथॉलिक पेच

कॅथॉलिक परंपरावादी म्हणजे रोमहून आलेली प्रत्येक आज्ञा शिरसावंद्य मानणारा मनुष्य, असा एक समज सामान्यतः रूढ आहे. फ्रान्सचा क्रांत्युत्तर धार्मिक इतिहास पाहिला असता हा समज टिकत नाही. ज्यांनी श्रद्धेसाठी सर्वस्वाचा होम केला, तेच लोक तेथे पुनःपुन्हा पोपच्या आज्ञेसमोर अडून उभे राहिलेले दिसतात. हा हेकेखोरपणा नव्हे. परंपरावादाच्या तत्त्वातच दडलेला तो एक पेच आहे.

त्याचे पहिले उदाहरण सर्वांत करुण म्हणावे लागेल. १७९० मध्ये क्रांतिकारी विधिसभेने धर्मसंस्थेची नवी घटना करून बिशप व धर्मगुरू यांना जनतेने निवडून द्यावे असे ठरविले आणि त्यांच्याकडून निष्ठेची शपथ मागितली. सहाव्या पायसने १७९१ मध्ये या घटनेचा निषेध केला. बहुतेक सर्व बिशपांनी शपथ नाकारली आणि त्यांतील अनेकांनी देशत्याग केला. १७९३ मध्ये वांदे प्रांतातील शेतकऱ्यांनी बंड केले. त्याचे तात्कालिक कारण सक्तीची सैन्यभरती हे असले, तरी आपला जुना धर्मगुरू हिरावला गेल्याचा संताप त्यामागे होताच. पुढे १८०१ मध्ये सातव्या पायसने नेपोलियनशी करार केला आणि शांततेची किंमत म्हणून सर्व बिशपांना राजीनामे देण्यास सांगितले. रोमशी एकनिष्ठ राहिल्यामुळेच जे दहा वर्षे परदेशी हालअपेष्टा भोगत होते, त्यांनाच रोमने पदत्याग करण्यास फर्माविले! तीसहून अधिक बिशपांनी ही आज्ञा अमान्य केली. अपराध सिद्ध झाल्यावाचून बिशपाला पदच्युत करण्याचा अधिकार पोपलाही नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. आणि जुन्या फ्रेंच धर्मशास्त्राच्या दृष्टीने तो निराधार नव्हता. त्यांच्यामागे गेलेल्या श्रद्धाळूंचे जे लहानसे मंडळ बनले, त्याला ‘पतीत एग्लीझ’, म्हणजे ‘छोटी धर्मसभा’, असे नाव पडले. त्यांनी नवे बिशप अभिषिक्त केले नाहीत. त्यामुळे कालांतराने त्यांचे धर्मगुरू निवर्तले आणि धर्मगुरूंविना राहिलेली कुटुंबे स्वतःच मुलांना बाप्तिस्मा देऊन प्रार्थना चालवू लागली. पश्चिम फ्रान्समधील दे-सेव्ह्र जिल्ह्यात व ल्याँ येथे त्यांचे वंशज आजही आहेत.

या अनुभवातून फ्रेंच परंपरावादाने जो बोध घेतला तो मात्र उलट दिशेचा होता. जोसेफ द मेस्त्र याने १८१९ च्या आपल्या ‘द्यु पाप’ या ग्रंथात असे मांडले की, सार्वभौम सत्ता ही अखेर निर्णायक असलीच पाहिजे, आणि धर्माच्या क्षेत्रात ती पोपची होय. आल्प्सच्या पलीकडे, म्हणजे रोमकडे, दृष्टी लावून बसलेला हा पक्ष एकोणिसाव्या शतकात प्रबळ झाला. १८६४ मध्ये नवव्या पायसने ऐंशी ‘प्रमादांची’ यादी प्रसिद्ध केली आणि १८७० च्या धर्मपरिषदेने पोपच्या अप्रमादित्वाचा सिद्धांत घोषित केला, तेव्हा परंपरा व आज्ञा या दोन गोष्टी एकच आहेत असे वाटण्याजोगी परिस्थिती निर्माण झाली. अर्थात हे ऐक्य पोपचे मत राजपक्षीय कॅथॉलिकांच्या मताशी जुळत होते तोवरच टिकणारे होते. तेराव्या लिओने १८९२ मध्ये फ्रेंच कॅथॉलिकांनी प्रजासत्ताकाचा स्वीकार करावा असे पत्र लिहिले, आणि ते कटू वाटल्यावाचून राहिले नाही.

खरी कसोटी लागली ती ‘आक्सिओं फ्रांसेझ’ या चळवळीच्या प्रसंगी. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या या राजसत्तावादी चळवळीचा नेता शार्ल मोरास हा तरुणपणीच श्रद्धा गमावून बसलेला होता. कॅथॉलिक धर्मसंस्थेविषयी त्याला जो आदर होता, तो तिच्या रोमन शिस्तीविषयी व समाजधारणेच्या सामर्थ्याविषयी होता; ख्रिस्ताच्या उपदेशाविषयी नव्हे. तरीही अनेक धर्मगुरू, बिशप आणि तरुण विद्यार्थी त्याच्या दैनिकाचे निष्ठावान वाचक होते. १९०५ च्या कायद्याने राज्य व धर्मसंस्था यांची फारकत केल्यानंतर तोच आपला रक्षणकर्ता आहे असे त्यांना वाटे. अकराव्या पायसने १९२६ च्या डिसेंबरात हे दैनिक व मोरासची काही पुस्तके निषिद्ध ठरविली. दैनिकाने आज्ञा पाळण्यास उघड नकार दिला. पुढील वर्षी हट्टी वाचकांना पापमोचनाचा संस्कार व धार्मिक अंत्यविधी नाकारण्यापर्यंत मजल गेली. वर्तमानपत्राच्या वर्गणीपायी ख्रिस्ती अंत्यविधी नाकारला जावा, ही गोष्ट बाहेरच्या निरीक्षकाला विचित्र वाटेल; ज्या घरात ती घडली, त्या घराच्या दृष्टीने ती मोक्षाची बाब होती. प्रख्यात धर्मशास्त्रज्ञ लुई बीयो यांनी १९२७ मध्ये कार्डिनलपद सोडले. उलट तत्त्वज्ञ जाक मारितँ, जो या चळवळीच्या निकट होता, त्याने त्याच वर्षी आध्यात्मिक सत्तेच्या प्राधान्याचे समर्थन करणारे पुस्तक लिहिले. बाराव्या पायसने १९३९ मध्ये दैनिकावरील बंदी उठविली.

रोमचा मूळ आक्षेप राजसत्तावादावर नव्हता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. राजकारणाला अग्रस्थान देऊन धर्माला राष्ट्राच्या संरक्षणाचे साधन बनविणे, हा तो आक्षेप होता, आणि तो न्याय्य होता असेच म्हणावे लागते. संस्कृतीच्या प्रेमापोटी धर्माची कड घेणारा मनुष्य श्रद्धावंताचा मित्र असतो. पण त्याचा वाटाड्या होऊ शकत नाही. मात्र शिक्षेचे स्वरूप पाहता, ही विवेकबुद्धी सामान्य वाचकाच्या पदरी फारच थोडी पडली.

अशी ओढाताण केवळ फ्रान्सपुरती नव्हती. मुंबईतील कॅथॉलिक चर्चेस अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पोर्तुगीज पाद्रुआदो व रोमची प्रोपागांडा या दोन अधिकारांत विभागली गेली होती. जुन्या राजदत्त हक्कांचा आधार घेऊन गोव्याचे अनेक धर्मगुरू रोमच्या १८३८ च्या आदेशाला अडले. मुंबईतील ही दुहेरी व्यवस्था १९२८ च्या करारानेच संपली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर हा वाद नव्या रूपाने उभा राहिला. आर्चबिशप मार्सेल लफेव्र हा रोममधील ज्या फ्रेंच सेमिनरीत शिकला, तिच्या प्रमुखाला मोरासविषयीच्या सहानुभूतीमुळे १९२७ मध्ये पद सोडावे लागले होते. लफेव्रने १९७० मध्ये स्वतःचा धर्मगुरुसंघ स्थापिला, आणि धर्मस्वातंत्र्याची १९६५ ची घोषणा व नवी उपासनापद्धती यांना विरोध केला. त्याने पोपपद नाकारले नाही. पूर्वीच्या पोपांची वचने तो विद्यमान पोपसमोर मांडीत राहिला. १८६४ ची यादी त्याच्या बाजूचा साक्षीदार होती. ३० जून १९८८ रोजी त्याने पोपच्या संमतीविना चार बिशपांना अभिषेक केला. ‘छोट्या धर्मसभे’ने जे टाळले तेच त्याने केले, आणि म्हणूनच त्याचा संघ धर्मगुरूंविना राहिला नाही. बहिष्कार जाहीर झाला. सोळाव्या बेनेडिक्टने २००९ मध्ये तो त्या चार बिशपांपुरता मागे घेतला. त्यापूर्वी, २००७ मध्ये, त्याने जुन्या लॅटिन मिस्सेला व्यापक मोकळीक दिली होती. फ्रान्सिसने २०२१ मध्ये ती पुन्हा आवळली. या वेळी निर्बंध ज्यांच्यावर आले, त्यांत असे अनेक श्रद्धाळू होते की, जे लफेव्रची साथ सोडून १९८८ मध्ये रोमच्या आज्ञेत राहिले होते.