चिलटांचा डंख आणि घोड्याची खाज

नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी घोड्यांचा मोठा बाजार भरतो. हे दिवस थंडीचे. चिलटांचा उपद्रव तेव्हा ओसरलेला असतो आणि पावसाळ्यात घासून घासून विरळ झालेली आयाळ पुन्हा भरू लागलेली असते. म्हणून गिऱ्हाइकाने केवळ केस पाहून समाधान मानू नये. आयाळीच्या मुळाशी व शेपटीच्या बुंध्याशी कातडी जाड, सुरकुतलेली लागली, तर ते जुन्या खाजेचे चिन्ह असू शकते.

ही खाज एका घोड्यापासून दुसऱ्यास लागत नाही. एक ते तीन मिलिमीटर लांबीच्या चिलटाची मादी रक्त शोषताना आपली लाळ कातडीत सोडते. काही घोड्यांच्या शरीरात या लाळेची प्रतिक्रिया प्रमाणाबाहेर उमटते आणि मोजक्या डंखांनीही असह्य खाज सुटते. जनावर खांबाला अंग घासते, कातडी सोलवटते, जखमेवर माशा बसतात. खोगिराच्या जागी जखम झाली की घोड्याचे काम थांबते आणि त्याच्यावर पोट असलेल्या कुटुंबाची रोजीही.

मलमाने तात्पुरता आराम पडतो. डंख चालू राहिल्यास खाज पुन्हा उद्भवते. चिलटे विशेषतः पहाटे व तिन्हीसांजेला चावतात. त्या वेळी घोडा आत बांधावा व बारीक जाळी लावावी. चिलटांना वाऱ्यात उडता येत नसल्याने साधा विजेचा पंखाही चांगला उपयोगी पडतो. कडुनिंबाचा धूर करण्याची रीत आहे खरी, परंतु कोंडलेला धूर घोड्याच्या फुप्फुसांना बाधतो. चिलटांची पैदास ओलसर चिखलात व शेणमातीत होते, तर पायांना चावणारी तबेल्यातील माशी लीद-मूत मिसळलेल्या कुजक्या गवतात वाढते. तेव्हा लीद रोज उचलणे, उकिरडा तबेल्यापासून दूर नेणे आणि पाणवठ्याभोवतीचा चिखल हटविणे अगत्याचे आहे. यांतील शेवटची दोन कामे एकट्या घोडेवाल्याच्या आवाक्यातली नव्हेत. तेथे ग्रामपंचायतीनेच लक्ष घालावयास हवे.

एक धोका मात्र आवर्जून सांगावयास हवा. गुरांच्या गोचिडांवर वापरले जाणारे अमिट्राझ हे औषध घोड्यास लावू नये. त्याने आतड्यांची हालचाल मंदावून जीवघेणा पोटशूळ उठू शकतो. गोठ्यात उरलेली बाटली घोड्यासाठी वापरण्याचा मोह म्हणूनच टाळावा.

घोडमाशीच्या चाव्यातून सर्रा हा रक्ताचा रोगही पसरतो. येऊन-जाऊन ताप, पोटाखाली व पायांवर सूज आणि खात असूनही खंगत जाणे, अशी लक्षणे दिसल्यास खाजेच्या उपचारात वेळ न दवडता पशुवैद्यकीय दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे.