गाळणी तीच, गाळण दीडपट

गर्भवती स्त्रीच्या रक्ततपासणीच्या अहवालात 'क्रिएटिनिन ०.९ मिलिग्रॅम' असे लिहून येते. शेजारी प्रौढांसाठी छापलेल्या मर्यादेत हा आकडा बसतो, म्हणून आपण निश्चिंत होतो. पण इथेच फसगत होऊ शकते. ती कशी, हे पाहण्यासाठी प्रजननाची संप्रेरके मूत्रपिंडांवर काय परिणाम करतात ते समजून घेऊ.

प्रथम मासिक चक्र घेऊ. बीजांड बाहेर पडल्यावर रक्तातील प्रोजेस्टेरॉन वाढते. मीठ राखून ठेवण्याचा निरोप मूत्रपिंडाला अल्डोस्टेरॉन देते. हा निरोप स्वीकारणारी जागाच प्रोजेस्टेरॉन अडवते. मग लघवीवाटे मीठ अधिक जाऊ लागते आणि शरीर अल्डोस्टेरॉन वाढवून तोल सांभाळते. याच काळात तहानेचा काटाही किंचित सरकतो. एरवीपेक्षा रक्त जरा पातळ असतानाच तहान लागते आणि पाणी राखणारे व्हॅसोप्रेसिन स्रवू लागते.

गर्भारपणात हेच बदल मोठ्या प्रमाणावर होतात. त्यात रिलॅक्सिनची भर पडते. गिनीपिगच्या कटिभागातील बंध सैल करणारा हा पदार्थ फ्रेडरिक हिसॉ यांनी १९२६ साली दाखवून दिला. पुढे उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले, की तो मूत्रपिंडातील रक्तवाहिन्याही रुंदावतो. गर्भवती स्त्रीच्या मूत्रपिंडांतून रक्त अधिक वाहते आणि गाळण जवळजवळ दीडपट होते.

आता फळ्यावर एक सोपे गणित मांडू. क्रिएटिनिन स्नायूंत तयार होते, ते साधारण पूर्वीइतकेच. निचरा मात्र दीडपट. म्हणजे ०.७५ ला १.५ ने भागायचे, उत्तर ०.५. गर्भवतीच्या रक्तात प्रत्यक्षातही साधारण एवढेच क्रिएटिनिन आढळते. तेव्हा तिचे ०.९ हे छापील मर्यादेत असले, तरी मूत्रपिंडांची अधिक तपासणी करायला सांगणारे आहे.

सोडियमचे नेमके उलट. ते १३४ आले, की 'कमी' असा शेरा पडतो. पण पाण्याचा तोलच खालच्या पातळीवर स्थिरावल्यामुळे निरोगी गर्भवतीतही असा आकडा येऊ शकतो.

सारांश, आकडा वाचण्याआधी तो कोणाच्या रक्तातला आणि कोणत्या अवस्थेतला, हे विचारायला हवे. गर्भारपणापूर्वीचा अहवाल जपून ठेवला असेल, तर डॉक्टरांना तुलना करणे सोपे जाते. विद्यार्थ्यांनी ही गोष्ट घरी जाऊन जरूर सांगावी.