उचल आणि हमी

बालाघाटाच्या डोंगररांगेवर वसलेल्या धारूरच्या परिसरात दसरा ओसरला की वाडीवस्तीवरची बिऱ्हाडे ऊसतोडीसाठी बांधली जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल, जी दवाखान्यात, लग्नकार्यात किंवा जुन्या देण्यात केव्हाच खर्ची पडलेली असते, ती फेडण्यासाठी नवरा-बायकोचा कोयता पश्चिम महाराष्ट्रातल्या वा कर्नाटकातल्या कारखान्यांकडे रवाना होतो आणि थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी परततो.

हे सारे त्या राज्यात घडते, ज्याने मागेल त्याला काम देण्याचे दायित्व देशात सर्वप्रथम कायद्याने पत्करले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातील विसापुरात केलेल्या प्रयोगातून ही कल्पना आकारास आली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या लक्षावधी हातांनी तिची निकड सिद्ध केली. आणि शहरी नोकरदारांच्या व्यवसायकरातून खेड्यातील मजुरीची तजवीज करणारा, माझ्या मते या राज्याच्या इतिहासातील सर्वांत उदात्त असा तो कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने कुटुंबास वर्षाकाठी शंभर दिवसांच्या कामाची, मागणीपासून पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्त्याची आणि कामाच्या जागी सावली, पाणी व लहानग्यांच्या सांभाळाची हमी दिली.

परंतु मुकादम रोकड आधी देतो आणि काम मागाहून घेतो. सरकारी कामावर नमुना चारचा अर्ज, हजेरीपट, मोजमाप आणि अभियंत्याची सही एवढे सोपस्कार झाल्यावरच मजुरी बँकेत जमा होते. त्यातही ती हजेरीवर नव्हे, खोदलेल्या मातीच्या मापावर ठरते. म्हणून बालाघाटातल्या कठीण मुरुमाला मऊ मातीचा दर लागला, तर पहार मारून हात सोललेल्या बाईच्या पदरी दिवसाची पुरी मजुरीही पडत नाही. घरात तातडीची नड असलेल्या माणसाने अशा वेळी मुकादमाचा उंबरठा गाठला, तर त्याला हक्कांची जाणीव नाही असे म्हणणे अन्यायाचे आहे.

यास्तव धारूरसारख्या तालुक्यात पाझर तलावांची, बांधबंदिस्तीची, विहिरींची कामे मृगाआधीच मंजूर करून ठेवावीत, भाद्रपदात हजेरीपट निघावा आणि मजुरी आठवड्याच्या आठवड्याला हाती पडावी. कारण उचलीचे व्यवहार ठरून गेल्यावर सुरू झालेल्या कामावर येण्यास गावात म्हाताऱ्यांवाचून कोणी उरलेले नसते.